सुगरणीचे शब्द आणि गूगलची चाळण

हल्ली पाककृती वहीत उतरवून ठेवण्याऐवजी इंटरनेटवर लिहिणाऱ्या मैत्रिणी गावोगाव भेटतात. कुणी पदार्थ लिहितं, कुणी क्रोशाचे नमुने, तर कुणी मुलांच्या अभ्यासाबद्दल. स्वतःची छोटीशी वेबसाइट असते आणि दुपारची झाकपाक झाली की बाई लिहायला बसते. वाचणारे वाढले की मजकुराच्या कडेला जाहिराती येतात, त्यातून चार पैसे मिळतात. फार नव्हेत, पण ते स्वतःचे असतात, आणि त्याची किंमत काय ते आपल्याला सांगायला नकोच! हे वाचणारे येतात ते बहुतांशी गूगलवरून. ‘उकडीचे मोदक’ एवढे शब्द टाकले आणि पहिल्या पाचसहा नावांत आपलं नाव आलं, तर वाचक येणार. तिसऱ्या पानावर गेलं तर तिथवर जातंय कोण?

माझ्या परिचयाच्या एका बाईंनी मोदकांची कृती अशीच मन लावून लिहिली होती. उकड कधी फाटते, पारीला कळ्या पाडताना बोटाला तेल लावायचं की पाणी, आमच्या सासूबाई उकडीत चमचाभर तूप कसं घालतात, सगळं बैजवार. ऐन गणपतीच्या तोंडावर त्यांनी गूगलवर पाहिलं, तर त्यांचं पान दिसेचना! त्याऐवजी भलत्याच एका मोठ्या साइटवर तीच कृती, शब्दन् शब्द तीच. उचलणाऱ्याने एवढी घाई केली होती की ‘आमच्या सासूबाई’सुद्धा तशाच राहिल्या होत्या. बाई म्हणाल्या, “चोरी त्याची आणि शिक्षा मला? गूगलने मलाच काळ्या यादीत टाकलं की काय?”

प्रश्न अगदी रास्त आहे. पण गूगल इथे शिक्षा देत नाही, निवड करतं. आणि ती निवड नेहमीच बरोबर असते असं नाही.

गूगलचा यंत्रलेखनिक (त्याला गूगलबॉट म्हणतात) रात्रंदिवस जगभरच्या वेबसाइटी वाचत असतो आणि वाचलेल्याची एक अवाढव्य सूची करतो. आपण शब्द टाकतो तेव्हा गूगल इंटरनेट धुंडाळत नाही, ही सूची धुंडाळतं. आता सूचीत एकच मजकूर दहा ठिकाणचा असेल, तर शोधणाऱ्याला दहाही दाखवून काय फायदा? म्हणून सारख्या मजकुरांचा एक गठ्ठा बांधला जातो, त्यातली एक प्रत ‘मुख्य’ ठरवली जाते, आणि बहुधा तेवढीच समोर येते. बाकीच्या मागे राहतात. शोधाच्या अगदी शेवटी कधीकधी गूगल सांगतंही, की यांच्यासारख्याच असलेल्या काही नोंदी वगळल्या आहेत. तिथे टिचकी मारली तर वगळलेल्या दिसतात. आमच्या बाई तिथेच सापडल्या.

दोन मजकूर सारखे आहेत हे यंत्राला कळतं कसं? याची एक गंमतशीर रीत १९९७ साली अंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तेव्हा गूगल नव्हतं, अल्टाव्हिस्टा नावाचं शोधयंत्र होतं. ‘तांदळाची उकड गरम असतानाच मळून घ्यावी’ हे वाक्य घ्या. त्याचे चारचार शब्दांचे तुकडे करायचे, पण एकमेकांवर चढलेले, कौलांसारखे. पहिला तुकडा ‘तांदळाची उकड गरम असतानाच’, दुसरा ‘उकड गरम असतानाच मळून’, तिसरा ‘गरम असतानाच मळून घ्यावी’. असे साऱ्या लेखाचे तुकडे करून दोन लेखांत किती तुकडे जुळतात ते मोजायचं. चारदोन शब्द इकडचे तिकडे केले तरी बाकीचे तुकडे जुळतातच. पुढे गूगलमधल्या कामावर आधारलेला एक निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. गुरमीत सिंग मनकू, अरविंद जैन आणि अनीश दास सरमा, तिघेही आपलीच मंडळी! त्यांनी प्रत्येक पानाचा ६४ खुणांचा एक ठसा काढला आणि दोन ठशांत तीन किंवा त्याहून कमी खुणांचा फरक असेल तर पानं जवळजवळ एकच समजावीत, असं ८०० कोटी पानांच्या साठ्यासाठी दाखवून दिलं. तेव्हा ‘मी दोन वाक्यं बदलली आहेत, आता कुणाला कळतंय?’ हा समज सोडून द्यावा.

कळत नाही ते वेगळंच. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध चाळीस वह्यांत तपासताना दोन वह्या एकसारख्या आहेत हे तिसऱ्या ओळीलाच लक्षात येतं. पण कुणी कुणाचं पाहिलं, हे वह्यांवरून सांगता येत नाही. मग नकळत हुशार म्हणून नाव असलेल्या मुलाकडे मन झुकतं. गूगलचं जवळपास असंच होतं. कोणत्या साइटकडे इतर साइटींनी बोट दाखवलं आहे, म्हणजे दुवे दिले आहेत, हे ते पाहतं. ही कल्पना गूगलच्या जन्माइतकीच जुनी. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये ती मांडली. आता मोठ्या साइटकडे हजारो दुवे, आणि आपल्या बाईंकडे बहिणीने आणि भिशीतल्या मैत्रिणीने दिलेले दोन! त्यातून यंत्रलेखनिक मोठ्या साइटवर सारखा फिरकतो, छोट्या साइटवर आठवडा आठवडा येत नाही. चोरलेली प्रत त्याने आधी वाचली, असंही घडतं. मला विचाराल तर हा अन्याय आहे. गूगलचा हेतू वाईट नसेल, पण भुर्दंड पडतो तो लहान माणसालाच.

शिक्षा अजिबात नाहीच, असं मात्र नव्हे. २००८ साली गूगलने आपणहून स्पष्ट केलं, की नुसता मजकूर दोन ठिकाणी आहे म्हणून कुणाला दंड होत नाही. एकाच साइटवर तीच कृती नेहमीच्या रूपात आणि छपाईच्या रूपात असते, तेवढ्याने काही बिघडत नाही. अशांसाठी ‘खरी प्रत अमुक’ असं पानाच्या पोटात लिहून ठेवण्याची सोय फेब्रुवारी २००९ पासून आहे. तिला कॅनॉनिकल खूण म्हणतात, आणि साइट चालवण्याची बरीचशी तयार साधनं ती आपोआप घालतात. दंड आहे तो इतरांचं उचलून आणून त्यावरच दुकान थाटणाऱ्यांना. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने पांडा नावाचा मोठा बदल केला. हा पांडा म्हणजे चिनी अस्वल नव्हे बरं का, तर नवनीत पांडा नावाच्या इंजिनियरवरून पडलेलं नाव! उचललेला, पातळ, पाणी घालून वाढवलेला मजकूर विकणाऱ्या साइटी त्यामुळे खाली गेल्या. अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाल्याचं गूगलने सांगितलं होतं. आणि मार्च २०२४ पासून नियम आणखी कडक आहेत. केवळ वरचा क्रमांक मिळवायला ढिगाने पानं पाडली, मग ती माणसाने पाडलेली असोत की कृत्रिम बुद्धिमत्तेने, तर सारी साइटच गूगलच्या सूचीतून बाहेर जाऊ शकते.

इथे एक शंका हमखास निघते. पुरणपोळीची कृती सगळ्यांची सारखीच, मग आपण सगळ्याच एकमेकींच्या नकला करतो की काय? तसं नाही. चण्याची डाळ, गूळ, जायफळ यांच्यावर कुणाची मालकी नाही, आणि एक किलो डाळीला किती गूळ यावरही नाही. मालकी आहे ती सांगण्याच्या शब्दांवर. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच सांगितलं. त्यांच्या नाटकावरून चित्रपट उचलला, अशी तक्रार होती. कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडण्याच्या रीतीवर असतो, असा निवाडा झाला. त्यामुळे हजारजणींनी आपापल्या शब्दांत पुरणपोळी लिहिली तर ती कायद्यालाही चालते आणि गूगललाही. यंत्राचे तुकडे जुळतात ते शब्दशः उतरवून घेतलं तरच.

आणि हा हक्क मिळवायला कुठे नोंदणी करावी लागत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिलं की तो लेखकाचा होतो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ सर्वांच्या घरात असतं. कमलाबाई १९९९ मध्ये गेल्या. म्हणजे त्यांचे शब्द २०५९ अखेरपर्यंत राखीव आहेत. ‘रुचिरा’तली कृती करून बघावी, स्वतःच्या अनुभवाने स्वतःच्या भाषेत लिहावी, पुस्तक समोर उघडं ठेवून जशीच्या तशी उतरवू नये. इंग्रजी कृतीचं मराठी भाषांतर गूगलला नक्कल वाटत नाही हे खरं, पण भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो, हे ध्यानात असू द्यावं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराचं म्हणाल, तर ते खाजगी निरोप यंत्रलेखनिकाला वाचताच येत नाहीत. तिथे आपलं नाव पुसून कृती फिरली तर मनस्ताप होतो, गूगलवरचा क्रमांक हलत नाही. हां, त्यातूनच उचलून कुणी साइटवर टाकली तर मात्र तो मजकूर वाचला जातो.

आता ज्यांचं लिखाण उचललं गेलं आहे त्यांनी काय करावं? आपल्या लेखातलं एखादं खास वाक्य (‘आमच्या सासूबाईं’चंच घ्या ना!) अवतरण चिन्हांत घालून गूगलवर शोधावं. हुबेहूब तेच वाक्य जिथे जिथे असेल ती पानं समोर येतात. महिन्यातून एकदा, दळण टाकायच्या दिवशी आठवणीने केलं तरी पुरे. नक्कल सापडली की आधी तिचं चित्र मोबाइलमध्ये साठवून ठेवावं, तारखेसकट. कारण पत्र गेल्यावर पान गुपचूप बदललं जातं. मग त्या साइटच्या मालकाला सरळ लिहावं. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

नाही झालं तर गूगलकडे तक्रार करता येते. अमेरिकेत १९९८ साली यासाठी कायदा झाला आणि गूगल अमेरिकेतली कंपनी असल्याने तिला तो पाळावा लागतो. भारतात बसून, वकील न करता, विनामूल्य अर्ज भरता येतो. आपल्या मूळ पानाचा पत्ता, चोरलेल्या पानाचा पत्ता आणि नेमका कोणता मजकूर उचलला तो लिहायचा. तक्रार रास्त ठरली की ते पान गूगलच्या निकालांतून निघतं. मूळ साइटवर ते राहतंच, पण गूगलवरून तिथे कुणी पोचत नाही. एकाच साइटविरुद्ध रास्त तक्रारींची रास पडली तर त्या साइटचा क्रमांक खाली नेण्याचं धोरण गूगलने ऑगस्ट २०१२ पासून ठेवलं आहे. अर्ज मात्र जपून भरावा. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर त्या कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. शिवाय तक्रारीची प्रत ल्यूमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहाकडे जाते आणि तिथे तक्रारदाराचं नाव दिसू शकतं. आमच्या बाईंनी अर्ज केला, नक्कल निघाली, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांचे मोदक पुन्हा दिसू लागले. गणपती मात्र हातचे गेले होते.

म्हणून थोडी आधीची तजवीज बरी. गूगलचं सर्च कन्सोल नावाचं मोफत साधन आहे. नवा लेख टाकला की त्यातून ‘हे पान वाचून जा’ अशी विनंती पाठवता येते. लगेच येईलच असं नाही, पण चोराच्या आधी येण्याची शक्यता वाढते. सणाची कृती सणाच्या आदल्या दिवशी न टाकता महिना दीड महिना अगोदर टाकावी. आणि लेखात ओघाने आपल्याच दुसऱ्या लेखांचे पूर्ण पत्त्यासह दुवे द्यावेत, ‘सारणाची कृती इथे वाचा’ असे. आपोआप मजकूर उचलणारी यंत्रं दुव्यांसकट उचलतात, आणि मग त्यांच्याच पानावरून आपल्याकडे बोट दाखवलं जातं!

जाता जाता, ‘घरबसल्या लेखनकाम, रोज दहा लेख’ अशा निरोपांबद्दल. शिकलेल्या, घरी असणाऱ्या बायकांना हे निरोप फार येतात. मजकूर ते देतात, आपण शब्द फिरवून द्यायचे. पैशाची गरज कुणाला नसते? पण वर सांगितलेले ठसे आणि तुकडे लक्षात घेतले तर अशा साइटी फार काळ टिकण्यातल्या नाहीत, आणि साइट बसली की राहिलेले पैसे मागायचे कुणाकडे? हो म्हणण्यापूर्वी त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: दिलेला मजकूर मुळात कुणाचा आहे, लेखाखाली नाव कुणाचं येणार आणि पैसे लेख देताच मिळणार की महिनाअखेर. पहिल्याच प्रश्नाला समोरचा माणूस आढेवेढे घेऊ लागला, तर पुढचे दोन विचारायची गरज उरत नाही.