मागचे दार का अडते?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या दारावर लेख द्यावा, हे आमच्या संपादक मंडळाला प्रथम पटले नाही. "एखादी कविता नाही का?" अशी विचारणा झाली. कविता मला जमत नाही. जे हाताखालून गेले आहे तेवढेच लिहावे असे ठरवून हा लेख सादर करीत आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत आणि मामांचे वाशिमला पुसद नाक्याकडे छोटेसे गॅरेज आहे. सकाळी तास आणि दुपारनंतर गॅरेज असा माझा दोन वर्षांचा क्रम असून फीचा बराचसा भाग तेथूनच निघतो.

ट्रॉलीचा फाळका आपणा सर्वांच्या पाहण्यातला आहे. खिट्टी काढली की तो आपल्याच वजनाने धाडकन खाली येतो. मोठ्या मोटारीच्या मागच्या दाराची तऱ्हा उलटी. ते वर जाते, म्हणजे कोणी तरी ते वजन उचलावे लागते. हे काम प्रथम माणसाचा हात करीत असे. मग हाताच्या मदतीला दोन्ही बाजूंना गॅसचे शॉकअप आले. आता बटण दाबले की मोटरच दार उचलते. असे दार पूर्वी फार महागड्या गाड्यांनाच असे. २०२३ साली टाटा मोटर्सने हॅरिअर आणि सफारी या गाड्यांच्या नव्या आवृत्तीतील वरच्या मॉडेलांना ते दिले, आणि आता आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवरही अशी दारे दिसू लागली आहेत.

गेल्या डिसेंबरात अशीच एक गाडी मामांकडे आली. कंपनीचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. मालक मार्केट यार्डातले अडते. (दारही अडते आणि मालकही अडते, असा विनोद गॅरेजमधल्या पोऱ्याने केला होता, तो नोंदवून ठेवतो.) तक्रार अशी, की बटण दाबल्यावर कुलूप 'खट्' करून सुटते, दार हातभर वर येते आणि तेथेच थांबून पिपाणीसारखा आवाज करते. सकाळी हटकून थांबते, दुपारी कधी कधी पुरते उघडते. एका मोठ्या शहरातील वर्कशॉपने मोटरची दांडी आणि तिची कंप्युटरची पेटी दोन्ही बदलावी लागतील असे सांगितले होते. त्यासाठी सांगितलेली रक्कम मामांच्या गॅरेजच्या आठ महिन्यांच्या भाड्याइतकी होती.

मामांनी प्रथम हातच झटकले. "हे कंप्युटरचं काम हाय बाप्पा, आपलं नाही." त्यांचे असे म्हणणे नवे नव्हते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तो आपल्या जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. त्याने नागपूर जवळ आणले हे खरे, परंतु नव्या गाड्यांची दुरुस्तीही त्याच रस्त्याने नागपूरला जाऊ लागली. मामांच्या वाट्याला जुन्या जीप आणि टेम्पो उरले. मी कॉलेज सोडून पूर्ण वेळ गॅरेजात यावे की गॅरेजच बंद करावे, असे बोलणे घरात त्याच महिन्यात दोनदा निघाले होते. म्हणून मीच म्हणालो, "मामा, एक दिवस ठेवून तर घ्या."

गाडीच्या पुढच्या खणात जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक होते. ते मामांनी माझ्यापुढे टाकले. "तू कालेजात जातं ना? मंग वाचून सांग." वाचकहो, बी.ए.च्या परीक्षेत मला इतका घाम फुटला नव्हता. शब्दकोश जवळ घेऊन ती आठ पाने वाचायला रात्रीचे अकरा वाजले. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, ती म्हणजे दाराला अडथळा लागला की ते थांबते किंवा उलटे फिरते. हे वाचल्यावर लक्षात आले, की आपण 'दार अडकले' म्हणतो ते बरोबर नाही. दार अडकलेले नसते, ते थांबलेले असते. थांबायचा हुकूम त्याला कोणी तरी दिलेला असतो. तो कोणी आणि का दिला, एवढेच शोधायचे असते.

हा हुकूम कसा निघतो ते थोडक्यात सांगतो. आमच्याकडच्या गाडीत उजवीकडे गॅसचा शॉकअप होता आणि डावीकडे मोटरची दांडी. या दांडीच्या नळीत आटे पाडलेला लांब स्क्रू असतो. मोटर तो फिरवते, त्यावरचा नट पुढे सरकतो आणि दांडी लांब होऊन दार वर ढकलते. नळीतच एक जबर स्प्रिंग असते. दाराचे बरेचसे वजन ती आणि समोरचा शॉकअप मिळून पेलतात, त्यामुळे मोटरला फार जोर लावावा लागत नाही. मोटरच्या आसावर लहानसे चुंबक असते आणि त्याजवळ एक संवेदक. अमेरिकेतील एडविन हॉल या तरुण संशोधकाने १८७९ साली असे दाखविले, की वीज वाहत असलेल्या धातूच्या पट्टीजवळ चुंबक आणले की पट्टीच्या आडव्या दिशेने सूक्ष्म दाब निर्माण होतो. त्याच्या त्या शोधावर हा संवेदक चालतो. चुंबक फिरले की ठोके मोजले जातात. किती ठोके झाले यावरून दार कोठवर आले ते कळते, आणि दोन ठोक्यांमधले अंतर वाढले की वेग मंदावला हे कळते. वेग ठरलेल्या मर्यादेखाली गेला की पेटी समजते, मध्ये काही तरी आले. लहान मुलाचा हात असेल, वरचे छत असेल, चिकटलेले रबर असेल किंवा बॅटरीच मरगळलेली असेल. पेटीला हे वेगवेगळे ओळखता येत नाहीत. तिला फक्त 'मंद झाले' एवढेच कळते आणि ती थांबते. त्याचप्रमाणे कुलूप सुटले आहे की लागले आहे, याचीही बातमी तिला एका तारेने येत असते. ती बातमी विसंगत आली तरी ती थांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. प्रथम साध्या गोष्टी पाहिल्या. दार किती उंच उघडावे हे मालकाला ठरवून देता येते. त्यासाठी हवे त्या उंचीवर दार धरून बटण काही सेकंद दाबून ठेवायचे. कमी उंचीच्या शेडखाली कोणी चुकून असे केले असेल, तर दार निमूटपणे रोज तेथेच थांबते आणि आपण बिघाड शोधत बसतो. आमच्याकडे तसे नव्हते, कारण दार दुपारी पुरते उघडत होते.

मग बॅटरी. मीटर लावला तर १२.१ व्होल्ट. पुरत्या भरलेल्या आणि विसावलेल्या बॅटरीचा आकडा १२.६ च्या आसपास असतो, म्हणजे ही निम्म्याहून खाली होती. घर ते मार्केट यार्ड एवढ्याच फेऱ्या होणाऱ्या गाडीचे असेच होते. बॅटरी चार्जिंगला लावली आणि ती भरेपर्यंत मी दाराभोवतीचे रबरी बीडिंग ओल्या फडक्याने पुसले. त्यावर सोयाबीनच्या भुशाचा आणि धुळीचा थर बसला होता. नंतर बटण दाबले तर दार सरळ वर गेले! पुन्हा दाबले, पुन्हा गेले. पोऱ्याने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा ते हातभर येऊन थांबले.

येथे माझी चूक झाली होती. आम्हांला तर्कशास्त्राच्या तासाला जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती शिकवल्या आहेत. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात त्याने कारण शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या. त्यांतली व्यतिरेक पद्धती अशी, की दोन प्रसंग बाकी सर्व बाबतींत सारखे असावेत आणि फरक एकाच बाबीत असावा, तरच परिणामाचे कारण त्या बाबीला चिकटवता येते. परीक्षेत मी हे व्यवस्थित लिहून गुणही मिळवले होते. गॅरेजात मात्र बॅटरी आणि बीडिंग या दोन गोष्टी एकदम बदलल्या. दार दोनदा उघडले ते कशामुळे, हे सांगायला मार्गच उरला नाही. मामांनी मिलचे नाव ऐकलेले नाही. ते एवढेच म्हणाले, "दोन नट एकदम ढिले करत नसतात, पोट्ट्या."

पुढे एकेकच गोष्ट घेतली. मोटरची वीज तोडून दार हाताने उचलून पाहिले. ते सर्वत्र सारखेच जड लागले आणि निम्म्या उंचीवर सोडले तर तेथेच राहिले. म्हणजे बिजागऱ्या आणि स्प्रिंग ठीक होत्या. तरी सकाळीच का अडते हा प्रश्न राहिला. मला शॉकअपचा संशय होता. त्यात मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो आणि वायूचा दाब तापमानाबरोबर कमीजास्त होतो. हिशेब करून पाहिला. पहाटेचे १० अंश आणि उन्हातले ४० अंश यांत निरपेक्ष तापमान २८३ वरून ३१३ होते, म्हणजे थंडीत शॉकअपचा जोर दहा टक्क्यांच्या आसपास कमी पडतो. उत्तर सापडले असे मला वाटले. मामा म्हणाले, "दहा टक्क्यानं दार जड होईल, पण दर वेळी त्याच जागी कायले थांबते? हातभरच कायले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मामांनी दार हाताने हातभर उघडून धरले आणि मला पुढे बसून काचेखालच्या दिव्यांकडे पाहायला सांगितले. 'मागचे दार उघडे' हा दिवा लागलेला होता. दार तसूभर वर गेले आणि दिवा विझला. दार उघडे असून दिवा विझलेला! आणखी वर नेले, पुन्हा लागला. तोवर पोऱ्या मागून ओरडला, "नंबरप्लेटची लाइट बी लुकलुक करून राह्यली."

"ट्रॉलीच्या लायटीची वायर कुठं तुटते?" मामांनी विचारले.

"हूकापाशी. वळणावर."

"मंग?"

छप्पर आणि दार यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, घडीघडीची काळी रबरी नळी असते. दाराकडे जाणाऱ्या सगळ्या तारा तिच्यातून जातात आणि प्रत्येक उघडझापीत तेथेच वाकतात. नळी मागे सारली. दोन तारांचे वेष्टण चिरलेले होते. एकीचे तांबे पुरते तुटून टोके एकमेकांना नुसती टेकलेली होती, दुसरीचे दोन-तीन केसच शाबूत होते. तांबे पुन्हा पुन्हा वाकवले की कडक होत जाते आणि शेवटी तुटते. थंडीत प्लास्टिकचे वेष्टणही ताठ होते, त्यामुळे सकाळी टोके लवकर सुटत आणि दुपारी नरमाईने टेकून राहत. थंडीचा संबंध होताच, पण मी हिशेब केला त्या वाटेने नव्हता. त्या विशिष्ट कोनात तार सुटली की 'कुलूप लागले' अशी खोटी बातमी पेटीला जाई, आणि दार बिचारे थांबे. मोटरची दांडी आणि पेटी दोन्ही धडधाकट होत्या.

दुरुस्तीला दीड तास लागला. तुटके तुकडे जोडून भागत नाही, कारण जोड वाकणाऱ्या जागी आला की तो पुन्हा तुटतो. म्हणून बारीक केसांच्या मऊ तारेचा वीतभर तुकडा घेतला आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी घेतले. दोन तारांचे जोड समोरासमोर येऊ दिले नाहीत. मग कथिलाने डाग देऊन वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. बॅटरी काढलेली असल्यामुळे पेटी ठोक्यांचा हिशेब विसरली होती. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दार एकदा हाताने पुरते लावून मग बटणाने उघडले, तेव्हा तिने पुन्हा मोजदाद सुरू केली. ही कृती गाडीगाडीत निराळी असते, तेव्हा आपापले पुस्तक पाहावे.

ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांच्यासाठी एक सूचना. दार उघडे असताना दांडी किंवा शॉकअप सोडवायचा झाल्यास आधी दाराला लाकडाची भक्कम टेकू द्यावी आणि जोडीला दुसरा माणूस ठेवावा. आधार गेला की ते ट्रॉलीच्या फाळक्यासारखेच पडते, फरक इतकाच, की खाली आपले डोके असते. दांडीतली स्प्रिंग दबलेली असते आणि शॉकअपमधला वायूही. दोन्ही कापू नयेत, भोक पाडू नये, विस्तवाजवळ नेऊ नयेत.

अडत्यांनी संध्याकाळी दार दहा वेळा उघडून पाहिले आणि मामांनी सांगितले तेवढे पैसे दिले. ते फार नव्हते. पण पुढल्या आठवड्यात यार्डातल्याच दुसऱ्या एकाने गाडी आणली. मामांनी मला दोनशे पानी वही घेऊन दिली असून, त्या इंग्रजी पुस्तकातली पाने मराठीत उतरवून ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. आतापर्यंत एकोणीस पाने झाली. 'सेन्सर'ला त्यात काय म्हणावे याबद्दल मराठीच्या सरांना विचारले. त्यांनी 'संवेदक' सांगितले, मामांनी 'चाचपणी' सांगितले. वहीत मी दोन्ही लिहिले आहेत.

दुसऱ्या गाडीचे दार उघडते व्यवस्थित, पण लावताना अर्ध्यावरून परत वर जाते. तिच्या कडांना रबरात बसवलेली, दाब ओळखणारी पट्टी आहे. उजव्या पट्टीत पाणी शिरले असावे असा माझा अंदाज आहे, मामांचा संशय कुलपाच्या आकड्यावर आहे. आज फक्त पट्टी सोडवून वाळत घातली आहे. आकड्याला हात लावलेला नाही.