वसईची मोहीम, तिघांच्या दफ्तरांतून

ठाण्यातल्या वागळे इस्टेटचे कारखाने ज्या जमिनीवर उभे राहिले, ती साष्टी बेटाची पूर्वेकडची कड. १७३७ ते १७३९ या काळात मराठे आणि पोर्तुगीज याच बेटासाठी आणि वसईसाठी झुंजले. शाळेत आपण शिकतो तो चिमाजी आप्पांचा विजय. तो खराच आहे, पण समोरच्यांचे कागद वाचले की त्याची किंमतही कळते.

मराठी कागदांत मुख्य दुखणे धर्माचे: सक्तीचे बाटवणे, पाडलेली देवळे. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे दाद मागितली ती यासाठीच. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, घेतला तेव्हा त्याचे बांधकामही पुरे झाले नव्हते.

इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यातून पोर्तुगीज बाजू पुढे आणली, तेव्हा चित्र रुंदावले. १७३९ च्या आरंभी मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्यातल्या साष्टीत शिरले, मडगाव पडले. एक साष्टी गेलेली, दुसरी जळत असलेली. व्हाइसरॉय वसईला कुमक पाठवणार कुठून? तरीही वसई महिनोन्‌महिने लढली. इंग्रज इतिहासकार ग्रँट डफने मराठ्यांची हानी पाच हजारांवर आणि पोर्तुगीजांची आठशे दिली आहे. पोर्तुगीजांना भेकड ठरवले, तर आपल्या या पाच हजारांचा हिशेब लागत नाही.

मला सर्वांत बोलके वाटतात ते मुंबईकर इंग्रजांचे कागद. त्यांची दिनदर्शिका पोर्तुगीजांच्या ११ दिवस मागे, त्यामुळे एकाच घटनेच्या तारखाही दोन. ठाणे परत घेण्याच्या पोर्तुगीज बेताची खबर त्यांनीच मराठ्यांना दिली. पुढे वसईने हात पसरले तेव्हा चर्चची चांदी तारण घेऊन कर्जही दिले. वसई पडल्यावर त्यांच्या वतीने कॅप्टन इंचबर्डने चिमाजी आप्पांशी तह केला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी स्वतःच ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

या तिन्ही दफ्तरांत साष्टीचा ख्रिस्ती शेतकरी फार थोडा दिसतो. पोर्तुगीज गेले, तो आपल्या भाताच्या शेतावर राहिला. मागे राहणाऱ्यांना उपासनेची मोकळीक वसईच्या शरणागतीच्या कलमांत होती. त्याच्या घराण्यांच्या आठवणींतून ही लढाई कुणीतरी लिहावी, असे मनापासून वाटते.