तेरवीनंतर मैदान सुटू नये

दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात घरचा कर्ता माणूस गेला की तेरवीपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नसते. मग सोयरेधायरे आपापल्या गावी परततात आणि घर एकदम रितं होतं. त्याच सुमारास लेकरांचा सरावही सुटतो. ‘घरात एवढं झालं, अन् पोट्टं खेळायले चाललं’ हे ऐकून घ्यायची आईची हिंमत नसते. मुलगी असेल तर ज्युदो, कराटे, लाठी कायमचीच सुटते. मला हे फार चुकीचं वाटतं.

दुःख आधी अंगात शिरतं. अन्न जात नाही, झोप लागत नाही, छाती भरून येते. अशा वेळी समजुतीचे शब्द कानावरून जातात. अंगाला काम दिलं तर ते ऐकतं.

ज्युदोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची, श्वास सोडायचा आणि अंग टेकताना तळहातासकट सगळा हात गादीवर सपाट आपटायचा. डोकं वाचतं, धक्का एका जागी बसत नाही. घाबरलेलं अंग मात्र उलट वागतं: ताठरतं, श्वास रोखून धरतं. ही सवय रोजच्या सरावानं मोडते. सावकाश, लांब सोडलेल्या श्वासानं हृदयाचे ठोकेही संथ होतात. रात्री जीव घाबरा झाला तर काय करायचं, हे अशा पोराला ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट जोडीदाराची. घरात बाईमाणसं एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र ‘आता तूच मोठा’ म्हणून कोपऱ्यात उभं करतात. गादीवर कुणीतरी त्याची कॉलर धरतं, त्याला ओढतं, पाडतं, हात देऊन उठवतं. काही बोलावं लागत नाही. तासभर तो ‘बाप गेलेला पोरगा’ नसतो.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलं, की शोकातला माणूस गेलेल्याच्या आठवणीत आणि पुढच्या जगण्यात सतत ये-जा करतो. ही ये-जाच त्याला सावरते. सरावाचा तास त्याला दुसऱ्या बाजूला नेतो. घरी आल्यावर रडायची मुभा हवीच.

शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. मुलगा गेल्याची खबर भर कीर्तनात आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, हे वऱ्हाडात घरोघरी सांगतात. तो अधिकार संताचा. सातवीतल्या पोरासमोर तो दाखला ठेवून त्याचं रडू दाबू नये.

वऱ्हाडाला व्यायामाची परंपरा नवी नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. तिथल्या चमूनं १९३६ साली बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवले. गावोगावच्या वस्तादांना आणि सरांना एवढीच विनंती: तेरवीनंतर स्वतः त्या घरी जा, आईशी बोला, जमलं तर काही महिने फी घेऊ नका. मैदानावर आल्यावर नेहमीसारखंच रागवा, नेहमीसारखंच शिकवा.

पोरगं आठवडेच्या आठवडे जेवत नसेल किंवा जीव द्यायची भाषा करत असेल, तर नुसत्या सरावावर विसंबू नका. डॉक्टर गाठा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, आणि तिथं मराठीत बोलता येतं.