अफूच्या विषावर उतारा

विषबाधा झालेल्या मनुष्याजवळ वैद्याच्या आधी जो पोहोचतो, पुष्कळदा त्याच्याच हाती त्या मनुष्याचे आयुष्य असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या साध्या सत्याची प्रचीती अलीकडे मोठ्या कठोर रीतीने आली. २०२१, २०२२ व २०२३ या तिन्ही वर्षी तेथे मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने दरसाल एक लाखाहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूस अफूवर्गीय द्रव्ये कारण झाली. २०२४ साली हा आकडा सुमारे ८० हजारांवर उतरला. तोही काही लहान नव्हे. या संकटाशी झुंजताना तेथील पोलीस, बंबवाले व रुग्णवाहिकेवरील सेवक यांना जे शिक्षण देण्यात आले, ते समजून घेण्याजोगे आहे.

अफू ही मराठी माणसाला अपरिचित वस्तू नव्हे. १९२०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन निजवीत आणि मग कामावर जात. मूल शांत निजे. परंतु मात्रा जरा चुकली तर त्या निद्रेतून ते उठतच नसे. अफूचा हा धर्म तिच्यापासून काढलेल्या मॉर्फिनात आहे, बायर कंपनीने १८९८ साली बाजारात आणलेल्या हेरॉइनमध्ये आहे, आणि प्रयोगशाळेत बनविलेल्या फेंटानिलमध्ये तर तो पराकोटीस पोहोचला आहे. कारण फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे १०० पट जहाल असते. ही द्रव्ये मेंदूतील ठराविक जागी जाऊन बसतात. त्यामुळे वेदना शमते व गुंगी येते. पण त्याचबरोबर श्वासोच्छ्वास चालविणारे केंद्रही मंदावते. रक्तात दूषित वायू वाढला तरी ‘श्वास घे’ ही आज्ञा सुटत नाही. मनुष्य घोरू लागतो, घशात घरघर होते, ओठ व नखे निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि अखेर श्वास थांबतो. प्राणवायूवाचून मेंदू चार-सहा मिनिटांपलीकडे धडपणे टिकत नाही. सारा प्रश्न या मिनिटांचा आहे.

या विषावर उतारा आहे, आणि तो फार दिवसांपासून आहे. जॅक फिशमन व मोझेस लेवेनस्टीन या रसायनशास्त्रज्ञांनी नॅलॉक्सोन नावाच्या औषधाचे पेटंट १९६१ साली मागितले, व १९७१ साली अमेरिकन सरकारने त्याच्या उपयोगास संमती दिली. अफूवर्गीय द्रव्य ज्या जागी बसते तेथून त्यास हुसकून नॅलॉक्सोन स्वतः ती जागा अडविते. मात्र त्याने स्वतः गुंगी येत नाही. शरीरात अफू नसेल तर ते देऊनही अपाय होत नाही. तथापि पुष्कळ वर्षे हे औषध इस्पितळांच्या कपाटांत व रुग्णवाहिकांतच राहिले. खुद्द फिशमन यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या अतिमात्रेने मरण पावला. औषध जगात असणे वेगळे, आणि घटकेला हाताशी असणे वेगळे.

ते हाताशी आणण्याचा पहिला ठळक प्रयत्न शिकागो शहरात झाला. १९९६ पासून तेथील शिकागो रिकव्हरी अलायन्स ही संस्था ते व्यसनी लोकांच्याच हाती देऊ लागली. पुढे मॅसॅच्युसेट्स संस्थानातील क्विन्सी शहराच्या पोलिसांनी एक निराळे पाऊल टाकले. बोस्टनच्या दक्षिणेस असलेले हे गाव जॉन अ‍ॅडॅम्स व जॉन क्विन्सी अ‍ॅडॅम्स या दोन राष्ट्राध्यक्षांचे जन्मस्थान. अमली पदार्थांच्या तपासाचे काम पाहणारे पोलीस अधिकारी पॅट्रिक ग्लिन यांच्या पुढाकाराने २०१० साली तेथील गस्तीवरच्या प्रत्येक शिपायाने नॅलॉक्सोन जवळ बाळगावे असा नियम झाला. याचे कारण उघड होते. गस्तीची गाडी रस्त्यावरच असते, त्यामुळे शिपाई बहुधा रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचतो. आणि तोवर त्याला हात बांधून पाहत उभे राहावे लागे. पहिल्या काही वर्षांतच या शिपायांनी दोनशेहून अधिक माणसांना मृत्यूच्या दारातून परत आणले.

शिक्षणाचा विषय थोडक्यात असा. प्रथम मनुष्यास मोठ्याने हाक मारावी. उत्तर न आल्यास छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरे जोराने चोळावी. निजलेला मनुष्य या वेदनेने जागा होतो. विषाने बेशुद्ध झालेला होत नाही. लगेच वैद्यकीय मदत बोलवावी. मग मान मागे करून नाकपुडीत औषधाचा फवारा मारावा. क्विन्सीच्या शिपायांना आरंभी पिचकारीचे भाग जुळवून अर्धे औषध एका व अर्धे दुसऱ्या नाकपुडीत द्यावे लागे. २०१५ साली एकदाच दाबावयाचा तयार फवारा मान्य झाला आणि हा खटाटोप गेला. नाडी चालू असून श्वास बंद असेल तर दर पाच-सहा सेकंदांनी एक, असा कृत्रिम श्वास द्यावा; नाडीच नसेल तर छातीवर दाब देणे आरंभावे. दोन-तीन मिनिटांत श्वास परतला नाही तर दुसरी मात्रा द्यावी. श्वास परतल्यावर कुशीवर निजवावे, म्हणजे वांती झाली तरी ती श्वासनलिकेत जात नाही. मारणे, थंड पाण्यात बुडविणे, मीठ टोचणे असले अघोरी उपाय वर्ज्य होत.

शिकविणारे दोन गोष्टींवर विशेष भर देतात. पहिली अशी की, नॅलॉक्सोनचा अंमल साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो, पण विषाचा त्याहून अधिक टिकू शकतो. उठून बसलेला मनुष्य पुन्हा बेशुद्धीत जाऊ शकतो. यास्तव त्यास एकटे सोडू नये. दुसरी अशी की, शुद्धीवर येणारा मनुष्य आभार मानीलच असे नाही. गुंगी एकाएकी उतरल्याने त्यास मळमळ, कंप व संताप येतो. शिपायाने हा विरोध नव्हे, व्याधीचे लक्षण आहे, असे जाणून धीराने वागावे. फेंटानिलला नुसता हात लागल्याने शिपाईच बेशुद्ध पडेल, ही भीतीही पुष्कळ पसरली होती. विषवैद्यकाच्या दोन अमेरिकन संस्थांनी २०१७ साली एकत्र निवेदन काढून असा धोका अत्यंत अल्प असल्याचे सांगितले. हातमोजे घालावेत, पण भीतीने श्वास देण्यास विलंब करू नये.

या उपक्रमावर आक्षेप आलेच. पुन्हापुन्हा वाचविल्याने व्यसनी निर्ढावतील, असे काहींचे म्हणणे. हे पोलिसांचे कामच नव्हे, असे काहींचे. परंतु मेलेल्या मनुष्याचे व्यसन कोणीही सोडवू शकत नाही. शिवाय मॅसॅच्युसेट्समधील अनुभव तपासून २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की, ज्या गावांत लोकांना हे शिक्षण व औषध मिळाले तेथे अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, ते न मिळालेल्या गावांपेक्षा कमी होते.

खरी अडचण निराळीच होती. मित्र डोळ्यांदेखत मरत असता सोबती मदत बोलवीत नसत, कारण मदतीबरोबर पोलीस येतील व बेड्या घालतील ही धास्ती. म्हणून न्यू मेक्सिको संस्थानाने २००७ साली व मॅसॅच्युसेट्सने २०१२ साली कायदा करून, अशा वेळी मदत बोलविणाऱ्यास अमली द्रव्य जवळ बाळगल्याच्या आरोपापासून संरक्षण दिले. २०२३ साली नॅलॉक्सोनचा फवारा वैद्याच्या चिठ्ठीवाचूनही विकण्यास तेथे परवानगी मिळाली.

औषधाने व्यसन जात नाही. ते केवळ मृत्यू टाळते, आणि पुढील उपचारास अवसर देते. ज्या शिपायाची चाहूल लागताच लोक पळत, त्याच्याच खिशात आज हा उतारा आहे, आणि त्याची वाट पाहणारी माणसे आहेत. दंड करणाऱ्या हातास श्वास परत देण्याची विद्या शिकविता येते, हे क्विन्सीच्या गस्तीने दाखवून दिले.