निविदा काढणारे सॉफ्टवेअर

विमान, हॉटेल व गाडीचे एकत्रित आरक्षण करून देणारे संकेतस्थळ आतून अनेक स्वतंत्र सेवांवर उभे असते. कोणती सेवा कधी वापरायची, हे प्रोग्रामरने आधीच पक्के केले असेल, तर एक सेवा बंद पडताच सारेच अडते. येथे बुद्धिमान एजंट उपयोगी पडतात. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेल्या 'कॉन्ट्रॅक्ट नेट' पद्धतीत एक एजंट काम जाहीर करतो, इतर एजंट बोली लावतात आणि योग्य बोलीला काम मिळते. सरकारी निविदाच म्हणा ना! बोली न लावण्याची मुभा प्रत्येकाला असते. मात्र विमानाचे तिकीट पक्के झाल्यावर हॉटेलसाठी एकही बोली आली नाही, तर भुर्दंड ग्राहकाला. त्यामुळे एजंटने किती रकमेपर्यंत परस्पर व्यवहार करावा आणि अर्धवट व्यवहार कसा मागे घ्यावा, हे रचनाकाराला आधीच ठरवावे लागते.