रमाबाई नगरची साक्ष जपणारा माणूस

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. वस्ती संतापून रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आपली दहा माणसे गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळे फडके बांधून आपल्या झोपडीत गळफास घेतला.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोनाळ्यापासून मुंबई फार दूर. पण आमच्यासारख्या गावांतून पोटासाठी गेलेली माणसे अशाच वस्त्यांत राहतात. त्यामुळे ते दुःख आम्हाला परके नव्हते. त्या दुःखाची साक्ष ज्याने चौदा वर्षे जपली, त्या आनंद पटवर्धन यांची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेख.

पटवर्धन यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. उच्च शिक्षण मुंबईत व परदेशात झाले. घरची वाट सुखाची होती, पण त्यांनी कॅमेरा फिरवला तो रस्त्यावरच्या माणसांकडे. बिहारच्या आंदोलनावरील पहिला माहितीपट त्यांनी उसन्या कॅमेऱ्यावर केला. आणीबाणीत त्याच्या प्रतीचे तुकडे करून ती परदेशी पाठवावी लागली. पुढे १९८५ मध्ये ‘हमारा शहर’ आला. उठवल्या गेलेल्या झोपडपट्टीवासीयांची ती कहाणी होती आणि तिच्यात विलास घोगरे गायले होते. शाहिरांशी जुळलेली ही ओळखच पुढे त्यांना रमाबाई नगरात घेऊन गेली.

निर्माता, दिग्दर्शक आणि संकलक, बहुतेक वेळा ही तिन्ही कामे ते स्वतःच करतात. संकलन म्हणजे काय? खळ्यात रास पडते, पण उपणल्याशिवाय दाणा हाती येत नाही. चित्रीकरणाचेही तसेच. चौदा वर्षांत सभा, मोर्चे, जलसे आणि घराघरातला आक्रोश त्यांनी टिपला आणि त्यातून सुमारे तीन तासांचा ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण केला. टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळीबार केला, असे पोलिस सांगत होते. चित्रपट त्या दाव्याची चिकित्सा करतो. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही तो गोळीबार समर्थनीय मानला नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, पण पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. बातम्या विरून जातात, चित्रफीत मात्र राहते.

हे काम सुखासुखी झाले नाही. ‘राम के नाम’ (१९९२) दूरदर्शनवर दाखवला जावा म्हणून त्यांना कोर्टात जावे लागले. ‘वॉर अँड पीस’ या अणुबॉम्बविरोधी चित्रपटाला सेन्सॉरने कात्री लावायचे ठरवले, तेव्हा २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो न कापता दाखवण्यास मुभा दिली. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’साठी तर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. बाबासाहेबांच्या घटनेने दिलेला अधिकार कसा वापरायचा, याचा हा धडाच आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. ‘जय भीम कॉम्रेड’ जानेवारी २०१२ मध्ये मुंबईत प्रथम दाखवला तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, लोकांच्या मध्ये. ज्यांची कथा, त्यांनाच तो आधी दाखवला. पुढे ‘विवेक’ला २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण चाळीतल्या त्या पडद्याचे मोल आम्ही कमी मानत नाही.

आज आपल्या पोरांच्या हाती मोबाईल आहे. त्यावर नाचगाण्याबरोबर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीही उतरवाव्यात. १९५६ च्या धम्मदीक्षेला गेलेल्यांपैकी आता थोडेच राहिले आहेत. तारीख, गाव, नाव बोलून घ्यावे, मूळ चित्रण पुसू नये, दोन ठिकाणी जपून ठेवावे. आणि येत्या भीमजयंतीला डीजेच्या खर्चातून थोडे वाचवून विहारात पडदा लावावा. तीन तास बसून आईबहिणींसह हा चित्रपट पाहावा. दहा शहीदांना आणि एका शाहिराला ते खरे अभिवादन ठरेल.