दोन कळसूबाई उंचीच्या भाकरी

चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. देहूहून पंढरपूर, तुकोबांच्या पालखीच्या वाटेनं, साधारण 250 किलोमीटर. म्हणजे 1,538 वारकऱ्यांची एका आषाढीची चाल एकापुढे एक जोडली की चंद्र आला. दिंड्या थोड्या मोठ्या असल्या तर पाच-सहा दिंड्यांतच एवढी माणसं भरतात. पृथ्वीला विषुववृत्तावरून वेढा घालायला तर एकच दिंडी पुरे, 160 माणसांची. सूर्याला मात्र सहा लाख वारकरी लागतील.

एकेकट्याच्या वाट्याला येतं ते असं: 70 सेंटीमीटरचं पाऊल धरलं तर देहू ते पंढरपूर साडेतीन लाखांहून थोडी जास्त पावलं. ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान आणि आषाढ शुद्ध दशमीच्या सुमारास पंढरपूर, असे अठरा-एकोणीस दिवस. एवढी रजा मागायला साहेबासमोर उभं राहायची छाती आमच्या कंपूत कुणाचीच नाही. म्हणून आम्ही वारी हप्त्यानं करतो. एका आषाढात एक टप्पा, पुढच्या आषाढात जिथं सोडलं तिथून पुढे.

या हप्त्याचा वेग एकदा काढून बघितला आणि सगळे गप्प झाले. अठरा वर्षांत 250 किलोमीटर म्हणजे वर्षाला 14 सुद्धा नाहीत. दिवसाला 38 मीटर. तासाला जेमतेम एक मीटर साठ सेंटीमीटर. गोगलगाय याच्या दुप्पट वेगानं सहज जाते, आणि तिला रजेचा अर्ज करावा लागत नाही. त्यात तिथीचा घोळ वेगळा. आषाढी 2023 साली 29 जूनला होती, 2024 ला 17 जुलैला, 2025 ला 6 जुलैला. एकाचा रविवार जमला की दुसऱ्याच्या मुलीची परीक्षा आडवी येते.

बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. या मुक्कामांचा पट्टा वाटेच्या मधोमध येतो. रोटीचा घाट मागे पडलेला असतो आणि नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरायचं बाकी असतं. पुण्यातून हौसेनं एक दिवस चालायला आलेले लोणी काळभोर करून परततात. इथं उरतात ते नेमानं चालणारे. मला विचाराल तर वारी बघावी ती इथं.

काटेवाडीत रस्त्याकडेला उभं राहून घड्याळ लावा. हिशेबासाठी पालखीबरोबर एक लाख माणसं धरू. पाच-पाचच्या ओळी, दोन ओळींत एक मीटर अंतर. वीस हजार ओळी, म्हणजे वीस किलोमीटर लांबीची रांग. शेवटची ओळ बारामतीतून पाऊल उचलेल तेव्हा पहिली सणसरच्या आसपास असेल. तासाला चार किलोमीटरच्या चालीनं ही रांग तुमच्यासमोरून जायला पाच तास घेईल. आणि रांग सलग चालत नाहीच. याच काटेवाडीत परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात. मेंढ्यांचं रिंगण चालू असताना मागचे सगळे खोळंबलेले, पण कुणी तक्रार करत नाही. टाळ तेवढा जागच्या जागी वाजत राहतो.

आता जेवण. माणशी वेळेला तीन भाकरी, दोन वेळा. दिवसाला सहा लाख भाकरी. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरलं तर साठ टन, म्हणजे दहा टनी सहा ट्रक, रोजचे. चांगला हात असलेली बाई एका चुलीवर तासाला चाळीस भाकरी काढते. म्हणजे पंधरा हजार तासांचं काम. सहा तासांत उरकायचं तर अडीच हजार चुली एकदम पेटायला हव्यात. भाकरी अर्धा सेंटीमीटर जाडीची धरून एकावर एक रचली तर एका दिवसाचा ढीग तीन किलोमीटर उंच होईल. कळसूबाई 1,646 मीटर आहे. दोन कळसूबाई व्हायला थोडंच कमी.

अर्थात भाकरीचा असा ढीग कुणी रचत नाही. गरम भाकरी एकावर एक ठेवल्या की खालच्या वाफेनं ओल्या होतात. वाटेवरच्या गावातल्या बायका हे जाणतात. त्या भाकरी धोतराच्या पानावर सुट्या पसरतात, निवल्यावरच टोपलीत भरतात आणि टोपली टेंपोत चढते. पिठल्याचं पातेलं वेगळं, ठेच्याचा डबा वेगळा. “घ्या माऊली, अजून एक घ्या” म्हणत चौथी भाकरी ताटात पडते आणि माझा तीन भाकरींचा हिशेब तिथंच कोलमडतो.

पाण्याचं गणित जास्त बोचतं. चालणाऱ्याला दिवसाला चार लिटर प्यायला लागतं असं धरा. लाख माणसांना चार लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. ऐकायला अवाढव्य वाटतं. पण इंदापूरच्या उशाला उजनीचा फुगवटा आहे. धरण काठोकाठ भरलं की 117 टीएमसी, म्हणजे सुमारे 3.3 लाख कोटी लिटर. एवढ्यात लाख वारकऱ्यांची रोजची तहान 22,000 वर्षांहून जास्त भागेल. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस उभा. उसाला वर्षाकाठी दोन मीटर उंचीचं पाणी लागतं म्हटलं तर एकरी ऐंशी लाख लिटर झालं. त्याला चार लाखांनी भागा: वीस दिवस. देहू सोडल्यापासून पंढरपूर गाठेपर्यंत अख्खी पालखी जेवढं पाणी पिते, तेवढं एक एकर ऊस पितो. भवानीनगरच्या कारखान्याजवळून जाताना आम्ही हे बोलत होतो तर शेजारचा शेतकरी म्हणाला, “ठिबकवर आणा की हिशेब, निम्मा होईल.” होईलही. मग दोन एकर धरू.

रस्त्याचाही हिशेब आहे. पाटस ते तोंडले-बोंडले या 130 किलोमीटरच्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली, तेव्हा खर्च सुमारे 4,400 कोटी सांगितला होता. मीटरला तीन लाख अडतीस हजार. एका पावलाखाली दोन लाख सदतीस हजारांचा रस्ता. आमच्यातला एकजण पंधरा वर्षं जुन्या चपलेनं हे महागडं पाऊल टाकत होता आणि तिचा अंगठा सणसरच्या अलीकडे तुटला. रस्त्याकडेला बसलेल्या चांभारानं टाके घातले, पैसे घेतले नाहीत.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली. तेव्हापासून 2025 पर्यंत 340 वर्षं. आणि पादुका नुसत्या जात नाहीत, परतही येतात. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की परतीची वाट धरतात, पण त्या वारीला माणसं फार थोडी आणि कॅमेरे जवळपास नाहीतच. जाऊन-येऊन वर्षाला 500 किलोमीटर धरले तर ढोबळमानानं एक लाख सत्तर हजार. पृथ्वीचे चार फेरे झाले, चंद्राचं अजून निम्मंही अंतर नाही. यातली 2020 आणि 2021 ही दोन वर्षं पादुका एसटीनं गेल्या. ती वजा केली तरी एक हजारच कमी होतात.

परतीचं अंतरही याच वेगानं धरायचं तर आमच्या हप्त्याला छत्तीस वर्षं लागतील. परवा हा विषय निघाला तेव्हा कंपूतला सगळ्यांत थोराड गडी म्हणाला, निवृत्तीनंतर दोन-दोन टप्पे एकदम घेऊ. त्याचा गुडघा आत्ताच कुरकुरतो, पण निमगाव केतकी ते इंदापूर पुढच्या आषाढाला ठरलं आहे.